पडद्यावरची शर्यत

झाडावर चढून खाली खळ्याकडं आपण कधी पाहिलं आहे का? तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलांच्या पाठी तेवढ्या दिसतात. अमेरिकेतल्या अटारी कंपनीनं १९७७ साली घरच्या टेलिव्हिजनला जोडायचं खेळाचं यंत्र काढलं. त्याबरोबरच आलेल्या 'इंडी ५००' ह्या खेळात मोटारींची शर्यत अशीच वरून दिसे. नाव घेतलं होतं इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या प्रसिद्ध शर्यतीचं.

खेळाबरोबर हातात धरायची दोन चाकं मिळत. कुंभाराच्या चाकासारखी ती कितीही फिरवा, अडत नसत. दोघांनी खेळायचं, आणि ज्याचे २५ फेरे आधी पुरे तो जिंकला. एकटाच असला, तर ६० सेकंदांत किती फेरे होतात ते पाहायचं.

आता ह्यातली खरी नवलाई ऐका. यंत्राची कामचलाऊ स्मृती होती अवघी १२८ बाइट. म्हणजे रोमन लिपीतली जेमतेम १२८ अक्षरं! पडद्यावर मात्र आडवे १६० आणि उभे १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्यापुढं नुसतं 'आहे' की 'नाही' एवढंच लिहायचं म्हटलं, तरी ३,८४० बाइट हवेत. मग चित्र ठेवायचं कुठं?

उत्तर सोपं आहे: ठेवायचंच नाही! विणकर जसा एकेक आडवा धागा घालीत जातो, तसं हे यंत्र एकेक ओळ त्या त्या क्षणी तयार करी. टेलिव्हिजनचा किरण पुढच्या ओळीवर पोचण्याआधी तिची तयारी झालीच पाहिजे. सेकंदाला सुमारे ६० वेळा सबंध चित्र नव्यानं विणलं जाई. खरी शर्यत चालली होती ती इथं!

शिक्षकबंधूंना ह्यात दोन धडे सापडतील. गाडी पडद्यावर खाली येऊ लागली, की तिची डावी बाजू आपल्या उजवीकडं येते. स्वतःला गाडीत बसलेलं कल्पावं, तेव्हाच हात बरोबर वळतो. दिशा शिकवायला ह्याहून चांगलं उदाहरण कोणतं? दुसरा धडा बर्फावरच्या शर्यतीचा. तिथं चाक वळवलं तरी गाडी आधीच्याच दिशेनं घसरत राहते. जडत्व म्हणतात ते हेच.

मूल विचारतं, "गुरुजी, हे चालतं कसं?" 'यंत्राची जादू' म्हणून आपण मोकळे झालो, तर त्याचं विचारणं तिथंच थांबतं. त्यापेक्षा त्याला हातमागाजवळ न्यावं, आणि धागे मोजायला सांगावं.