मांडीवरचा थर्मास
सांगलीहून साताऱ्याला परतताना एस्.टी.त माझ्या मांडीवर बर्फाचा थर्मास होता. आत सेट्रोरेलिक्सची इंजेक्शनं, ०.२५ मिलिग्रॅमची, पोटाच्या कातडीत रोज एक टोचायचं.

पहिल्या खेपेस स्त्रीबीजं काढण्याआधीच सुटून गेली. पैसा गेला, आशाही गेली!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मेंदूच्या बुडाशी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातून एल्.एच्. उसळलं, की सुमारे ३६ तासांत बीज सुटतं. हे औषध ती उसळीच थोपवतं.”

१९८६ साली मुंबईच्या के.ई.एम्.मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं, तेव्हा हे औषध बाजारात नव्हतं.

या खेपेस सात बीजं हाती आली. पाळणा हलेल का? ठाऊक नाही. पण सासूबाईंनी प्रथमच विचारलं, “सूनबाई, फार दुखलं का गं?”