अनुदान आटले तर स्वस्त थाळी कशी टिकते? बंगळुरूच्या इंदिरा कँटीनचा धडा

पाच रुपयांत नाश्ता आणि दहा रुपयांत पोटभर जेवण देणारी बंगळुरूची इंदिरा कँटीन १६ ऑगस्ट २०१७ रोजी सुरू झाली. त्यानंतरच्या काळात कर्नाटकात सरकारे बदलली, महामारी येऊन गेली, धान्य-भाज्यांचे भाव वाढले आणि शहराची महापालिकाही पाच महापालिकांमध्ये विभागली गेली. थाळीचा दर मात्र तोच राहिला. दर स्थिर आणि खर्च वाढता, अशा स्थितीत मधली तफावत कोणी भरून काढायची, हा प्रश्न या योजनेच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रातील शिवभोजन थाळीपासून केरळमधील जनकीय हॉटेलांपर्यंत देशातील बहुतेक स्वस्त भोजन योजनांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे.

योजनेचा जन्म

कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी मार्च २०१७ च्या अर्थसंकल्पात बंगळुरूच्या सर्व १९८ प्रभागांत स्वस्त भोजनालये उघडण्याची घोषणा केली आणि त्यासाठी १०० कोटी रुपयांची तरतूद केली. 'नम्म कँटीन' असे सुरुवातीला योजिलेले नाव पुढे 'इंदिरा कँटीन' झाले. चेन्नई महापालिकेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'अम्मा उणवगम' या भोजनालयांचा आदर्श त्यामागे होता.

पहिल्या टप्प्यात शंभराहून अधिक कँटीन उघडण्यात आली. कारखान्यात तयार केलेले भाग जोडून त्यांच्या इमारती अल्पावधीत उभारण्यात आल्या. ज्या प्रभागांत जागा मिळाली नाही, तेथे वाहनांवरील फिरती कँटीन पाठवण्यात आली. अन्न मध्यवर्ती स्वयंपाकघरांत शिजवायचे आणि तेथून कँटीनपर्यंत पोहोचवायचे, अशी ही व्यवस्था आहे. सकाळी इडली, पोंगल किंवा खारा भात, दुपारी व रात्री सांबार-भात, दहीभात असे पदार्थ दिले जातात. बांधकाम मजूर, रिक्षाचालक, सफाई कामगार, बाहेरगावाहून आलेले विद्यार्थी आणि सरकारी रुग्णालयांतील रुग्णांचे नातेवाईक हा येथील प्रमुख ग्राहकवर्ग आहे.

पंचवीस रुपये ग्राहकाचे, उरलेले कोणाचे?

एका व्यक्तीच्या दिवसभराच्या तीन वेळच्या आहारासाठी कंत्राटदाराला प्रारंभी ५७ रुपये मिळत असत. त्यांपैकी नाश्त्याचे पाच आणि दोन जेवणांचे वीस, असे २५ रुपये ग्राहक देई. उरलेले ३२ रुपये अनुदानातून येत. २०२३ मध्ये हा दर ६२ रुपयांपर्यंत वाढवण्यात आला. ग्राहकाचा वाटा २५ रुपयेच राहिल्याने अनुदान ३७ रुपयांवर गेले. याचा अर्थ असा, की पूर्वी ग्राहकाच्या पैशांतून सुमारे ४४ टक्के खर्च निघत होता, तो आता सुमारे ४० टक्क्यांवर आला आहे.

पाच रुपयांची ही वाढ किरकोळ भासते. परंतु एका कँटीनमध्ये दररोज ५०० जण तीन वेळा जेवतात असे गृहीत धरल्यास ३७ रुपयांप्रमाणे दिवसाला १८,५०० रुपये आणि वर्षाला सुमारे साडेसदुसष्ट लाख रुपये अनुदान लागते. पाच रुपयांच्या वाढीचाच भार वर्षाकाठी नऊ लाखांहून अधिक होतो. अशी शंभर कँटीन असतील, तर हा वाढीव बोजा नऊ कोटींच्या पुढे जातो.

येथेच स्वस्त भोजन योजनेचे अर्थशास्त्र साध्या खाणावळीहून वेगळे ठरते. खाणावळीत गिऱ्हाईक वाढले की नफा वाढतो. अनुदानित कँटीनमध्ये प्रत्येक नव्या ग्राहकासोबत तूट वाढते. योजना जितकी लोकप्रिय, तितकी ती तिजोरीला जड. अर्थसंकल्पातील तरतूद मात्र वर्षारंभी ठरते आणि रांगेची लांबी पाहून ती आपोआप वाढत नाही.

निधी आटला तेव्हा

प्रारंभी राज्य शासनाने या योजनेला भरीव साहाय्य केले. २०१९ मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि त्यानंतर शासनाचा निधी आटत गेल्याने खर्चाचा मोठा भार बृहत बंगळुरू महानगरपालिकेवर पडला. रस्ते, कचरा आणि पावसाळी नाले यांच्या खर्चाने आधीच ओढग्रस्त असलेल्या महापालिकेला तो पेलणे कठीण झाले. कंत्राटदारांची देयके थकू लागली. अनेक फिरती कँटीन बंद पडली. पाण्याची देयके न भरल्याने काही कँटीनची जोडणी तोडण्यात आल्याच्या बातम्याही त्या काळात आल्या.

विरोधाभास असा, की याच काळात या कँटीनची गरज सर्वाधिक भासली. टाळेबंदीमध्ये हॉटेले बंद होती आणि रोजंदारी बुडाली होती. मे २०२१ मध्ये, महामारीच्या दुसऱ्या लाटेत, शहरातील इंदिरा कँटीनमधून गरजूंना विनामूल्य भोजन देण्यात आले. स्वयंपाकघरे, भांडी, वाहने आणि वाटपाची ठिकाणे आधीपासून अस्तित्वात असल्यामुळेच हे शक्य झाले. अशी व्यवस्था एकदा मोडीत काढली, की संकटाच्या वेळी ती आठवडाभरात पुन्हा उभी करता येत नाही.

मे २०२३ मध्ये काँग्रेस पुन्हा सत्तेवर आल्यानंतर योजनेचे पुनरुज्जीवन करण्याचा निर्णय झाला. बंगळुरूमध्ये अनुदानाचा निम्मा भार राज्य शासनाने आणि निम्मा महापालिकेने, तर अन्य शहरांत ७० टक्के शासनाने आणि ३० टक्के स्थानिक संस्थेने उचलावा, असे सूत्र ठरले. खाद्यपदार्थांच्या यादीत नाचणीच्या मुद्द्याची भर घालण्याचेही ठरले.

सर्वात महाग काटकसर

पैसा कमी पडला, की कोणत्याही भोजन योजनेपुढे मोजकेच मार्ग उरतात. थाळीचा दर वाढवणे, पदार्थ कमी करणे, एखादी वेळ किंवा काही केंद्रे बंद करणे, बाहेरून देणगी मिळवणे किंवा देयके लांबणीवर टाकणे. यांपैकी पहिल्या तीन निर्णयांची राजकीय किंमत मोजावी लागते, कारण ते लोकांना तत्काळ दिसतात. देयके लांबवणे मात्र कोणाच्या नजरेत येत नाही. म्हणून बहुतेक वेळा तोच मार्ग पत्करला जातो.

प्रत्यक्षात हीच काटकसर सर्वात महाग पडते. देयक थकले की कंत्राटदार किराणा उधारीवर आणतो आणि उधारीचा माल महाग मिळतो. मग सांबार पातळ होते, भाजी कमी होते आणि कामगारांचे वेतन रखडते. चव बिघडली की ग्राहक कमी होतात. ग्राहक घटले तरी स्वयंपाकघराचे भाडे, वाहनाचे इंधन आणि आचाऱ्याचा पगार तेवढाच राहतो, त्यामुळे प्रत्येक थाळीचा खरा खर्च आणखी वाढतो. अखेरीस 'लोक येत नाहीत' असे कारण पुढे करून केंद्र बंद केले जाते. वास्तविक लोक गेले ते व्यवस्था आधीच खचल्यामुळे.

देयक थाळ्यांच्या संख्येवर ठरत असल्याने दुसराही एक प्रश्न उद्भवतो. प्रत्यक्षात किती जण जेवले, याची विश्वासार्ह नोंद नसेल तर फुगवलेल्या आकड्यांचा संशय येतो आणि देयके रोखण्यास आणखी एक निमित्त मिळते. टोकन किंवा यंत्रावरील नोंद ही त्यामुळे केवळ हिशेबाची सोय राहत नाही. प्रामाणिक चालकाला वेळेवर पैसे मिळण्याचा तो आधार ठरतो.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९९५ मध्ये युती शासनाने एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. शासनाचे पाठबळ संपल्यावर त्यांपैकी अनेक केंद्रांच्या जागी साध्या खाद्यपदार्थांची दुकाने उभी राहिली. जागा टिकली, झुणका-भाकर गेली.

२६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात अशी थाळी दहा रुपयांत देण्यात येऊ लागली. थाळीची किंमत शहरी भागात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरण्यात आली. म्हणजे शहरी केंद्रचालकाला प्रत्येक थाळीमागे ४० रुपये शासनाकडून येणे असते. महामारीच्या काळात दर आधी पाच रुपये झाला, एप्रिल २०२१ पासून काही महिने थाळी विनामूल्य होती आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पुन्हा दहा रुपये आकारण्यात येऊ लागले.

अनेक शिवभोजन केंद्रे महिला बचत गट किंवा लहान खानावळचालक चालवतात. मोठ्या कंत्राटदाराकडे काही महिने तग धरण्याइतके भांडवल असते, बचत गटाकडे ते नसते. ज्या थाळीच्या किमतीतील ८० टक्के रक्कम शासनाकडून यायची आहे, ती रक्कम तीन महिने रखडली तर गल्ल्यात जमणाऱ्या दहा-दहा रुपयांवर डाळ-तांदूळही भागत नाही. २०२५ मध्ये अनुदान अनेक महिने थकल्याच्या तक्रारी राज्यातील केंद्रचालकांनी केल्या, त्यामागे हे गणित होते.

केरळमध्ये कुटुंबश्रीच्या महिलांनी चालवलेल्या जनकीय हॉटेलांत २० रुपयांत जेवण मिळत असे आणि शासन प्रत्येक जेवणामागे दहा रुपये देत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये हे अनुदान बंद झाले आणि जेवणाचा दर ३० रुपयांवर नेण्यात आला. अनुदानाची थकबाकी आणि वाढलेले भाव यांमुळे अनेक हॉटेले बंद पडली. आंध्र प्रदेशात २०१८ मध्ये सुरू झालेली अण्णा कँटीन सत्तांतरानंतर २०१९ मध्ये बंद झाली आणि पुढच्या सत्तांतरानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा उघडली. मधली पाच वर्षे तेथील मजुरांना ही स्वस्त थाळी मिळाली नाही.

चेन्नईतील अम्मा उणवगमचा इतिहास याला अपवाद ठरतो. इडली एक रुपया, सांबार-भात पाच रुपये अशा दरांमुळे महापालिकेला दरवर्षी मोठी तूट सोसावी लागते. तरीही २०२१ मध्ये द्रमुक सत्तेवर आल्यानंतर विरोधी पक्षाने सुरू केलेली ही भोजनालये बंद करण्यात आली नाहीत. उलट जुलै २०२४ मध्ये दुरुस्ती व नव्या भांड्यांसाठी २१ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. ज्या योजनेला विरोधकही हात लावू धजत नाहीत, ती योजना टिकते, असा याचा अर्थ लावता येईल.

बंगळुरूचेच दुसरे उदाहरण

निधीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवणारी एक व्यवस्थाही बंगळुरूमध्येच उभी राहिली. 'अक्षय पात्र' या संस्थेने जून २००० मध्ये शहरातील पाच शाळांतील १,५०० मुलांना माध्यान्ह भोजन देण्यास आरंभ केला. आज ही संस्था अनेक राज्यांत काम करते. शासनाकडून धान्य आणि शिजवण्याचा खर्च मिळतो, तर उरलेली तफावत देणग्यांमधून भरून काढली जाते. मोठ्या यांत्रिक स्वयंपाकघरांमुळे प्रत्येक जेवणामागील खर्च आटोक्यात राहतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपलीकडील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. भूक निवारणाचा त्यात समावेश असल्याने अशा कामाला देणगीचा एक नियमित स्रोत मिळाला.

तथापि देणगीपेक्षाही महत्त्वाचा फरक कायद्याचा आहे. शाळेतील शिजवलेल्या अन्नाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क ठरवला. सरकार बदलले तरी हा खर्च टाळता येत नाही. शहरातील मजुराच्या दहा रुपयांच्या थाळीला असे कोणतेही कायदेशीर कवच नाही. ती दरवर्षीच्या अर्थसंकल्पातील एका ओळीवर अवलंबून असते.

पुढे काय?

२ सप्टेंबर २०२५ पासून बंगळुरूमध्ये एका महापालिकेऐवजी पाच महापालिका अस्तित्वात आल्या आहेत. त्यांचे उत्पन्न सारखे नाही. गरजूंची वस्ती जिथे दाट, तेथील महापालिकेची तिजोरी भरलेली असेलच असे नाही. त्यामुळे निम्म्या-निम्म्या वाट्याचे सूत्र पाचही ठिकाणी सारखेच पाळले जाते का, याकडे लक्ष ठेवावे लागेल.

इतर राज्यांच्या अनुभवावरून टिकाऊपणासाठी काही गोष्टी आवश्यक दिसतात. अनुदानाची रक्कम महागाईशी जोडलेली असावी, म्हणजे दरवाढीसाठी दर वेळी नव्याने निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. देयक ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन असावे आणि विलंब झाल्यास व्याज द्यावे. बचत गटांना काही आठवड्यांचा खर्च आगाऊ मिळावा. जेवणाऱ्यांची नोंद सर्वांना पाहता येईल अशी असावी. आणि निधी खरोखरच अपुरा असेल, तर सर्व केंद्रे उपाशी ठेवण्यापेक्षा बाजार, बसस्थानक, रुग्णालय अशा ठिकाणची केंद्रे पूर्ण ताकदीने चालवावीत.

दहा रुपयांत जेवण देण्याची घोषणा करणे तुलनेने सोपे असते. त्याच थाळीचे उरलेले पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला चालकाच्या हाती पडले, तरच दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटते आणि कामावर निघालेल्या मजुराला खिडकी उघडी सापडते.