पाठीवर गाठी, उडणं नावापुरतंही नाही

सोंडकिडा म्हटलं की आपल्याला आठवतो तो तांदळाच्या डब्यातला सोंडा. तांदूळ पाखडायचे, ऊन दाखवायचं, डब्यात कडुनिंबाचा पाला टाकायचा, विषय संपला. म्हणूनच न्यूझीलंडमध्ये काही सोंडकिड्यांना 1953च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला हसू येतं.

पण सगळे सोंडकिडे म्हणजे कीड, ही समजूतच चुकीची. या कुळातल्या पन्नास हजारांहून जास्त जातींची नोंद आहे, त्यांतल्या धान्यात शिरणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. न्यूझीलंडच्या कँटरबरी भागातला गाठाळ सोंडकिडा, शास्त्रीय नाव हॅड्रॅम्फस ट्यूबरक्युलेटस, शेताकडे फिरकतही नाही. त्याला लागतं स्पिअरग्रास. तिथले मूळचे माओरी लोक या वनस्पतीला तारामेआ म्हणतात. इंग्रजी नावात ‘ग्रास’ असलं तरी ते गवत नव्हे. कोथिंबीर, ओवा, गाजर यांचं ते भाऊबंद. मात्र पानं भाल्याच्या टोकासारखी, कपड्यांतून आरपार टोचणारी. प्रौढ किडे पानं-फुलं खातात, अळ्या जमिनीत मुळांवर जगतात. किडा जेमतेम दीड सेंटिमीटरचा, मातकट, पाठीवर गाठीच गाठी. वाळक्या पानांत बसला तर समोर असूनही दिसत नाही.

1922 नंतर तो कुणाला दिसलाच नाही, तेव्हा तो नामशेष झाला असं धरलं गेलं. मग 2004 साली बर्कस् पास या खिंडीतल्या छोट्याशा राखीव क्षेत्रात तो सापडला. यावरून ‘चला, वाचला एकदाचा’ असं म्हणणं घाईचं ठरेल. एकेकाळी कँटरबरीच्या मैदानांत आणि टेकड्यांवर पसरलेल्या या किड्याला आता एवढीच जागा उरली.

तिथे अडचण असेल तर दुसरीकडे उडून का जात नाही? कारण त्याला उडताच येत नाही. चालून जाईल तेवढंच त्याचं जग, आणि दोन स्पिअरग्रासच्या मध्ये रस्ता, कुरण किंवा नांगरलेलं शेत आलं की ते जग तिथेच संपतं.

शत्रूंचं प्रकरण मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. किडे खायचे ते मुख्यतः पक्षी आणि सरडे, आणि पक्षी शोधतो डोळ्यांनी. त्यामुळे धोका जाणवला की झाडावरून खाली पडायचं आणि मेल्यासारखं निपचित राहायचं, ही युक्ती हजारो वर्षं पुरली. मग माणसांबरोबर उंदीर आले, युरोपीय वसाहतीच्या काळात साळूसारखे काटे असलेले इवलेसे हेजहॉगही आणले गेले. हे रात्री हिंडतात, वासावर शिकार करतात. निपचित पडलेला किडा त्यांच्यासाठी ताटात वाढून ठेवलेला घास. इंग्लंडच्या बागेत गोजिरवाणा वाटणारा हेजहॉग न्यूझीलंडमध्ये संरक्षकांच्या सापळ्यात का पकडला जातो, त्याचं एक कारण हे.

‘मग भरपूर स्पिअरग्रास लावा’ हा सल्लाही अर्धाच बरोबर. याच किड्याचा चुलतभाऊ चॅटम बेटांवर राहतो. तो आपल्या झाडांचा एखादा पुंजका खाऊन फस्त करतो आणि चालत पुढचा पुंजका गाठतो. म्हणजे झाडं किती, यापेक्षा ती एकमेकांपासून किती अंतरावर, हा प्रश्न मोठा.

आणि हो, असं दुर्मीळ काही असलंच तर ते घनदाट जंगलात, ही आपली ठाम कल्पना. बर्कस् पास म्हणजे उघडा, वाऱ्याचा, काटेरी झुडपांचा गवताळ माळ. अशा जागेला आपल्याकडेही पडीक म्हणून तिथे वृक्षारोपण करायची हौस असते. खिंडीपलीकडच्या मॅकेन्झी भागात तर रानोमाळ पसरणाऱ्या परदेशी पाइनमुळे माळच गिळला जातोय, तिथे झाडं काढणं हेच संवर्धन. ख्राइस्टचर्चहून तेकापो तलावाकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या बसेस याच खिंडीतून जातात. खिडकीतून दिसतात ती पिवळसर काटेरी झुडपं; किडा शोधायचा तर रात्री टॉर्च घेऊन त्यांच्या बुडाशी वाकावं लागतं.