पडद्यावरचे तारतम्य

संगणकावर खेळ खेळणारी मुले ज्या घरांत आहेत, तेथे हल्ली एक तक्रार वारंवार कानी येते. खेळ अडखळतो, चित्र मधोमध फाटते, यंत्र तापते. सबब नवे ग्राफिक्स कार्ड हवे. या कार्डाची किंमत बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाचा महिन्याचा हिशेब सहज विस्कटून टाकते. अशा वेळी वडीलधारी मंडळी एक तर 'खेळच बंद' असा हुकूम सोडतात, नाही तर निमूटपणे पैसे मोजतात. तिसरा मार्ग खेळाच्याच सेटिंगच्या पानावर असतो. परंतु ते पान समजून घेण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

हे पान काही आजचे नव्हे. १९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा त्याच्या सीजीए पद्धतीत ३२० गुणिले २०० बिंदूंच्या चित्रात एका वेळी अवघे चार रंग दाखविता येत. १९८७ च्या व्हीजीएने तेवढ्याच बिंदूंत २५६ रंग आणले. १९९३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेला 'डूम' हा गाजलेला खेळ याच चौकटीत चालला. ज्यांचे यंत्र मंद होते, त्यांच्यासाठी त्यात चित्राची चौकट लहान करण्याची आणि तपशील कमी करण्याची सोय होती. देखणेपणा थोडा सोडून वेग मिळवावा, हा व्यवहार तेव्हापासून खेळणाऱ्याच्याच हाती दिलेला आहे.

आज आकडे मात्र फार वाढले आहेत. त्या जुन्या चित्रात ६४ हजार बिंदू, म्हणजेच पिक्सेल, होते. १९२० गुणिले १०८० च्या सध्याच्या पडद्यावर ते २० लाख ७३ हजार ६०० होतात, आणि 'फोर-के' म्हणविणाऱ्या ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर बरोबर त्याच्या चौपट. हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे, तर एका चित्रास सुमारे साडेसोळा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत काम उरकले नाही, की खेळ अडखळला. पुष्कळदा हा दोष यंत्राचा नसतो. त्याच्यावर लादलेल्या ओझ्याचा असतो.

म्हणून प्रथम पडद्याची जात ओळखावी. जुन्या काचनळीच्या पडद्याला बिंदूंची ठराविक चौकट नव्हती. आजच्या सपाट पडद्याला ती आहे. त्याच्या मूळ संख्येहून वेगळी संख्या निवडली, की अक्षरे पुसट होतात. आणि लांबी-रुंदीचे प्रमाण बिघडले, तर वर्तुळ अंड्यासारखे दिसू लागते. त्यानंतर खिडकीचा प्रश्न. 'फुल स्क्रीन' मध्ये खेळ सारा पडदा व्यापतो. 'बॉर्डरलेस' म्हणजे बिनकाठाची खिडकी पडदाभर पसरलेली, तीतून दुसऱ्या कामाकडे वळणे सोपे जाते. चित्र आडवे फाटलेले दिसत असेल, तर पडदा अर्धा रंगला असतानाच कार्डाने पुढचे चित्र पुढे केले, असे समजावे. 'व्ही-सिंक' ही सोय कार्डाला पडद्याच्या तालावर थांबायला लावते. तिच्या मोबदल्यात कळ दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत किंचित विलंब सोसावा लागतो. पडदाच सेकंदाला ६० चित्रांचा असेल, तर कार्डाला शंभरावर चित्रे काढायला लावून बहुतेक वेळा उष्णताच पदरी पडते. किनारपट्टीच्या वैशाखात ही गोष्ट विसरून चालणार नाही. चित्रसंख्येला मर्यादा घातली, की पंख्याचा आवाजही खाली येतो.

यानंतर सजावट. सावल्या, प्रतिबिंबे आणि दूरवरचा तपशील ही मोठी खर्चिक मंडळी. त्यांना एकेक पायरी खाली उतरविले, तरी खेळाच्या धामधुमीत फरक फारसा जाणवत नाही. उलट 'टेक्श्चर', म्हणजे पृष्ठभागाचा पोत, मुख्यत्वे कार्डाच्या स्मृतीवर अवलंबून असतो; स्मृती पुरेशी असेल, तर तो उगाच कमी करू नये. एका वेळी एकच कळ बदलावी आणि तेच दृश्य पुन्हा पाहावे. बिंदूंची संख्या घटवूनही वेग वाढला नाही, तर अडचण कार्डात नसून बहुधा प्रोसेसरात आहे, आणि नव्या कार्डावर घातलेला पैसा वाया जाण्याचा संभव आहे. हा एक निष्कर्षसुद्धा घरातले हजारो रुपये वाचवू शकतो. कमी बिंदूंत चित्र काढून ते हिशेबाने मोठे करण्याच्या युक्त्याही आता उपलब्ध आहेत: एनव्हिडियाची डीएलएसएस २०१८ पासून, तर एएमडीची एफएसआर २०२१ पासून. पैकी दुसरीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात.

या पानावर 'लो', 'मीडियम', 'हाय', 'अल्ट्रा' अशी एक उतरंड असते, आणि 'अल्ट्रा' न चालणे हा आपला कमीपणा आहे, अशी मुलांची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे. २००७ सालचा 'क्रायसिस' सर्वोच्च सेटिंगवर त्या काळच्या बहुसंख्य संगणकांना झेपत नव्हता. म्हणून ते सारे संगणक टाकाऊ ठरले नाहीत. काहींना दृष्टिक्षेत्र अरुंद असल्याने किंवा हालचालीची कृत्रिम पुसट छटा चालू असल्याने मळमळ होते. काहींना तांबडा आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. त्यांच्यासाठी असलेल्या कळा पुष्कळ खेळांत याच पानाच्या आसपास सापडतात, आणि त्यांचे मोल कोणत्याही 'अल्ट्रा'हून अधिक आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण आपल्याकडे जुनी आहे. परंतु अंथरूण मोजलेच नाही, तर माणूस एक तर पाय उघडे टाकतो किंवा विनाकारण आखडून निजतो. बिघडेल या भीतीने हात आवरण्याचेही कारण नाही: विंडोजमध्ये बदललेले रिझोल्यूशन आपण पंधरा सेकंदांत मान्य केले नाही, तर जुनी मांडणी आपोआप परत येते. तेव्हा नव्या कार्डाची मागणी पुढे आली, की पालकांनी मुलाशेजारी बसून एक संध्याकाळ या पानावर खर्च करावी आणि प्रत्येक कळ काय करते, हे त्यालाच समजावून सांगायला लावावे. एवढे करूनही यंत्र खरोखरच अपुरे पडते असे दिसले, तर खरेदी अवश्य करावी. मग ती दुकानदाराच्या सांगण्यावरून झालेली नसेल, स्वतःच्या पारखीने झालेली असेल.