बक्षीसपत्र कीं मृत्युपत्र?



देवगड तालुक्यांतील जामसंडे गांवांतलें एक घर क्षणभर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. पुढें खळें, मागें हापूसचीं वीस-पंचवीस कलमें, घरांत वृद्ध पति-पत्नी. मुलगा नोकरीनिमित्त मुंबईस. गणपतीस तो घरीं येतो आणि म्हणतो, “बाबा, मागाहून कोर्टकचेरी नको. घर आतांच माझ्या नांवावर करून द्या. तुम्हां दोघांना मी आहेंच.” हें म्हणणें खोटेंच असतें असें नव्हे. परंतु सही करण्यापूर्वीं ‘हा कागद कसला?’ एवढें वडिलांनीं विचारलेंच पाहिजे. कारण त्यांचें उरलेलें आयुष्य त्या उत्तरावर अवलंबून असतें.

कागद मृत्युपत्राचा असेल, तर तो करणाराच्या निधनानंतरच अमलांत येतो. तोंवर घर त्याचेंच. मन पालटलें तर पहिलें रद्द करून दुसरें करतां येतें. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें दोन साक्षीदार मात्र हवेत. मुद्रांकाचा कागद लागत नाहीं, नोंदणीचीही सक्ति नाहीं. तरी नोंदणी केलेली बरी. ज्याला मिळकत मिळावयाची, त्यालाच साक्षीदार करूं नये, हें शहाणपणाचें.

बक्षीसपत्राची जात निराळी. १८८२ च्या मिळकत हस्तांतरण कायद्याप्रमाणें स्थावराचें बक्षीस नोंदलेल्या दस्तानें होतें. आणि घेणारानें तें स्वीकारलें कीं मालकी गेली. मग मुलगा तें घर विकूं शकतो, गहाणही टाकूं शकतो. कालचा धनी आज त्याच पडवींत परक्याच्या मर्जीनें बसतो. केवळ पश्चात्ताप झाला म्हणून हा दस्त मोडत नाहीं.

अशा वृद्धांसाठीं २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याच्या २३ व्या कलमाचा आशय असा : साठ वर्षें पूर्ण झालेल्या माणसानें, हा कायदा अमलांत आल्यावर, ‘माझा सांभाळ करावा’ या अटीवर मिळकत दिली आणि घेणारानें ती अट पाळली नाहीं, तर न्यायाधिकरण तें हस्तांतरण रद्द ठरवूं शकतें. सारें मर्म ‘अट’ या शब्दांत आहे. अटच नसेल, तर या कलमाचा आधार मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं स्पष्ट केलें. पुढें मध्यप्रदेशांतील एका मातेचें प्रकरण त्याच न्यायालयापुढें आलें. तिनें २०१९ सालीं मुलाला घर बक्षीस दिलें होतें. सांभाळाचें वचनपत्र त्यानें लिहून दिल्याचें तिचें म्हणणें होतें. हा कायदा वृद्धांच्या हितासाठीं आहे, त्याचा अर्थ उदारपणें लावावा, असें सांगून न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें तें बक्षीस रद्द ठरविलें आणि घराचा ताबा मातेस देवविला. न्याय मिळाला, पण तोंवर वर्षें गेलीं, आणि उतारवयांत वर्षें थोडींच असतात.

म्हणून बक्षीस द्यावयाचेंच असेल, तर दस्तांतच स्पष्ट लिहावें कीं, देणारा व त्याची पत्नी हयात असेतों दोघांचें अन्नवस्त्र, औषधोपचार आणि याच घरांतील वास्तव्य घेणारानें सांभाळावें; न सांभाळल्यास बक्षीस रद्द व्हावें. पत्नीचें नांव विसरूं नये. पुष्कळदां मागें तीच राहते. सातबाऱ्यावर भाऊबंदांचीं नांवें असतील, तर आपल्या हिश्श्यापुरतेंच देतां येतें, हेंही ध्यानांत ठेवावें.

ज्यांनीं अट न घालतां पूर्वींच सही केली, त्यांनींही अगदींच हताश होऊं नये. प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज केल्यास मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळूं शकतो. निपुत्रिकांना आपल्या मिळकतीच्या भावी वारसाकडे तो मागतां येतो. स्वतः जाणें न झाल्यास दुसऱ्यास अधिकार देऊन अर्ज करवितां येतो. सांभाळाची जबाबदारी असतां वृद्धास कायमचें टाकून देणें हा तर गुन्हाच असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

अट घालणें म्हणजे मुलावर अविश्वास दाखविणें नव्हे. ज्याला आईबापांना सांभाळावयाचेंच आहे, त्याला तिचा भार कसला? आणि मनांत किंचितही शंका असेल, तर मृत्युपत्र करावें व घर आपल्याच नांवावर ठेवावें.