कुठल्या तालमीचा?

कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये दोन अनोळखी माणसांची ओळख निघाली की आडनावानंतर येणारा प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या तालमीचा?" विचारणाऱ्याला समोरचा कुस्ती खेळतो की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. घर कुठल्या गल्लीत, गणपती कुठला, फुटबॉलच्या मैदानात ओरडणार कुणाच्या बाजूने, रात्री-अपरात्री अडचण आली तर हाक कुणाला मारणार, हे सगळं त्या एका उत्तरात कळतं. 2011च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात वस्ती असलेलं हे शहर आता उपनगरांत पसरलं आहे. पण अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या शिवाजी, मंगळवार, शुक्रवार, शनिवार आणि जुना बुधवार या पेठांमध्ये नागरी जीवनाचं एकक आजही वॉर्ड नाही, तालीम आहे.

तालमीच्या आत गेलं की आधी वास येतो. हौद्यातली तांबडी माती नुसती माती नसते. ती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात आणि पुन्हा पुन्हा खोऱ्याने उकरून ती मऊ ठेवतात. अंगावर चिकटली तरी ती बोचत नाही. हौद्याच्या कडेला मारुती, भिंतीला गदा, डंबेल्स आणि जुन्या वस्तादांचे फोटो. पहाटेची मेहनत संपली की पोरं हीच माती एकमेकांच्या अंगावरून निपटतात. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा ग्लास उभ्या उभ्या रिकामा होतो. पैलवानांच्या खुराकातून आलेली ही सवय आता सगळ्या शहराची झाली आहे.

या संस्कृतीला दगडाचा आकार दिला राजर्षी शाहू महाराजांनी. 1902च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि 1912मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं. मधोमध हौदा, चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक. कुठेही बसलं तरी जोड नीट दिसते, पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. त्याला लागूनच 1915मध्ये पॅलेस थिएटर झालं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. मला या शेजाराचं फार मोल वाटतं. एका भिंतीपलीकडे हलगी आणि घुमकं, दुसऱ्या भिंतीपलीकडे नांदी. पैलवान आणि नट या दोघांनाही राजाश्रय मिळाला तो एकाच आवारात, एकाच पंक्तीला बसवून. कष्टकऱ्याच्या अंगमेहनतीला कलेच्या बरोबरीचा मान देणारं असं नगरनियोजन आपल्याकडे फारसं दिसत नाही.

8 ऑगस्ट 2024च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. रंगमंच, छत, खुर्च्या गेल्या, दगडी भिंती राहिल्या. सकाळी तिथे जमलेल्यांमध्ये रंगकर्मी होते, तसे ज्यांनी आयुष्यात रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही असे पेठेतले लोकही होते. घरातलं माणूस गेल्यावर रडावं तशी माणसं रडली.

राजाश्रय संपल्यावर तालमी टिकल्या त्या वर्गणीवर. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना पाठवायचं तर पैसा नव्हता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, बाकीचा भार लोकांनी उचलला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं उभं राहिलं. हीच सवय आषाढात गल्लोगल्ली दिसते. मंगळवारी-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरून, पी-ढबाकच्या तालावर, त्र्यंबोलीच्या टेकडीवर नेतात. मग गल्लीत मटणाचे वाटे पडतात. घर मोठं असो की एका खोलीचं, वर्गणी दिलेल्या घरी वाटा सारखाच जातो.

मोहरमचे पंजेही इथल्या कित्येक तालमींमध्ये बसतात आणि त्यांची सेवा हिंदू घरं करतात. गणेशोत्सव आणि मोहरम 2018पासून सलग तीन वर्षं एकत्र आले, तेव्हा काही तालमींत गणपती आणि पंजे एकाच छताखाली होते. कुणी त्याची परिषद भरवली नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं, तेच केलं. अलीकडच्या काळात या शहरातही तेढ पेटवण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्या वेळी या रिवाजांची किंमत जास्तच कळते.

पेठेतल्या तरुणांचं मन मात्र आता मातीपेक्षा हिरवळीवर आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं तालमींची, पण उच्चारली की आठवतो तो शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल. सामन्याच्या दिवशी पेठेतले रस्ते ओस पडतात. ईर्षा इतकी की काही वेळा सामना संपल्यावर हाणामारी झाली आणि पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ही ईर्षा खेळाला जिवंत ठेवते हे खरं, पण दगड उचलणाऱ्या हाताला तालमीतल्या जुन्या माणसांनीच अडवलं पाहिजे. त्यांचा शब्द अजून ऐकला जातो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या सगळ्या वर्णनात बाई कुठे आहे? पाण्याचे कलश तिच्या डोक्यावर, प्रसादाचा स्वयंपाक तिच्याकडे, पण हौद्याचा उंबरा तिला पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिला. जिल्ह्यातल्या मुली आज राष्ट्रीय पातळीवर कुस्ती खेळतात. पेठेतल्या जुन्या तालमींनी त्यांच्यासाठी वेळ आणि जागा राखून ठेवायला आता कसलं कारण उरलेलं नाही.

पेठांवर आज सगळ्यात मोठा ताण आहे तो जागेचा. देवळाकडे येणाऱ्या भाविकांच्या गाड्या, वाडे पाडून झालेले लॉज, तालमीच्या तळमजल्यावर काढलेले दुकानगाळे. मे 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिर परिसराच्या सुमारे 1,445 कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली. दर्शनरांगेची सोय, पार्किंग, मोकळा श्वास घेणारं देऊळ, यातलं काहीच चुकीचं नाही. पण देवळाभोवतीची माणसं हाही त्या देवळाचाच परिसर आहे. किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात यावीत म्हणून वाटेतली बांधकामं मोजली जातात, अडथळे नोंदवले जातात. तशीच बारकाईने आराखड्याच्या हद्दीतली प्रत्येक तालीम, तिची गल्ली, तिथले भाडेकरू आणि फूलवाले मोजले जावेत. कुणाला उठवावं लागणार असेल तर त्याला पेठेतच जागा मिळावी, उपनगरातल्या फ्लॅटची चावी नव्हे. ही मोजणी भूसंपादनाच्या नोटिशा निघण्याआधी व्हावी, आणि ती करताना तालमींच्या वस्तादांना आणि मंडळांना टेबलाच्या अलीकडे बसवावं.