मिरांडा, मारिओ

(२ मे १९२६–११ डिसेंबर २०११). विख्यात भारतीय व्यंगचित्रकार व रेखाचित्रकार. संपूर्ण नाव मारिओ जुआंव कार्लुश दु रुझारिउ द ब्रितु मिरांडा. राजकीय व सामाजिक व्यंगचित्रे, पुस्तकांची सजावट आणि भित्तिचित्रे अशा विविध क्षेत्रांत त्यांनी काम केले. तथापि गोमंतकीय माणसाचे घर, त्याचा शेजार, बाजार आणि जेवणाचे ताट यांच्या चित्रणातून एका संमिश्र संस्कृतीची ओळख त्यांनी रेखाटली, हे त्यांचे विशेष कार्य होय.

त्यांचा जन्म तत्कालीन पोर्तुगीज वसाहत दमण येथे झाला. त्यांचे घराणे गोव्यातील सासष्टी तालुक्यातील लोटली या गावचे. हे घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मण. सरदेसाई हे त्याचे पूर्वीचे आडनाव. अठराव्या शतकात ते ख्रिस्ती झाले. मारिओ बालपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढीत. हे पाहून त्यांच्या आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली. या वहीला ते आपली दैनंदिनी म्हणत, आणि तीत ते शब्दांपेक्षा चित्रांनीच दिवसाचा वृत्तान्त लिहीत. पाद्र्यांची चित्रे काढल्याबद्दल त्यांना शाळेत बोलणीही खावी लागली. बंगलोर येथील सेंट जोसेफ शाळेत शिक्षण घेतल्यानंतर मुंबईच्या सेंट झेव्हिअर महाविद्यालयातून इतिहास विषय घेऊन त्यांनी बी. ए. पदवी मिळविली. वडीलधाऱ्यांच्या इच्छेवरून वास्तुशास्त्राच्या अभ्यासास त्यांनी आरंभ केला होता, परंतु त्यात त्यांचे मन रमले नाही. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते.

सुमारे चार वर्षे एका जाहिरात-कार्यालयात काम केल्यानंतर ते व्यंगचित्रकलेकडे पूर्णपणे वळले. द इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया, करंट व त्यानंतर टाइम्स ऑफ इंडिया या नियतकालिकांतून त्यांची चित्रे प्रसिद्ध होऊ लागली. १९५९ मध्ये त्यांना गुलबेंकियन प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती मिळाली व त्यानिमित्त ते पोर्तुगालला गेले. पुढे काही वर्षे लंडनमध्ये राहून त्यांनी तेथील नियतकालिकांसाठी चित्रे काढली. परतल्यावर मुंबई ही त्यांची कर्मभूमी झाली. हबीबा हैदरी या त्यांच्या पत्नी. उत्तरायुष्यात ते लोटलीच्या वडिलोपार्जित घरी परतले व तेथेच त्यांचे निधन झाले.

मिरांडा यांच्या चित्रांचे मर्म समजण्यासाठी गोव्यातील घर व स्वयंपाकघर यांचा इतिहास ध्यानात घेणे आवश्यक आहे. तिसवाडी, बारदेश व सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. धर्मांतरानंतरही लोकांच्या चालीरीती सहजासहजी पालटल्या नाहीत, आणि म्हणून सत्तेची दृष्टी थेट घराच्या उंबऱ्याआत पोहोचली. गोव्याच्या धर्मसमीक्षण न्यायालयाने (इन्क्विझिशन) १७३६ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यात, नवख्रिस्त्यांनी हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये, अंगणात तुळस लावू नये, अशा स्वरूपाचे निर्बंध घालण्यात आले होते. भातात मीठ घालावे की नाही ही गोष्टही जेथे धर्माची व निष्ठेची कसोटी ठरली, तेथे घर आणि अन्न हे केवळ खाजगी विषय राहिले नाहीत. माणसाची ओळख तेथेच पारखली गेली आणि तेथेच ती टिकूनही राहिली. मिरांडा यांच्या आयुष्याची पहिली पस्तीस वर्षे, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत, त्यांची जन्मभूमी पोर्तुगीज अंमलाखाली होती. पुढे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन होण्याऐवजी वेगळे राहण्याचा पर्याय स्वीकारला, व ३० मे १९८७ रोजी गोव्यास राज्याचा दर्जा मिळाला. ‘गोमंतकीय कोण?’ हा प्रश्न या काळात सभांतून, वृत्तपत्रांतून व मतपेट्यांतून विचारला जात होता. मिरांडा यांच्या चित्रांनी त्याला दिलेले उत्तर घोषणांचे नसून दैनंदिन जीवनाचे होते.

या चित्रांतील घर बहुधा बाहेरून आत उलगडत जाते. पायऱ्या चढून गेल्यावर लागणारी, दोन्ही बाजूंना बैठकीचे कट्टे असलेली पडवी, म्हणजे ‘बाल्कांव’, ही त्यांची आवडती जागा. सिंधुदुर्गातील घरांच्या ओटीवर वा पडवीत जसा सांजवेळी शेजार जमतो, तसाच तो येथे जमतो. म्हातारी माणसे रस्त्यावरून जाणाऱ्यांची विचारपूस करतात, पाद्री व भाटकार गप्पा मारतात, पायरीवर कुत्रे झोपलेले असते. नळ्यांचे छप्पर आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या अशा तपशिलांतून त्या घराचे दुहेरी पितृत्व नकळत प्रकट होते. श्याम बेनेगल यांच्या त्रिकाल (१९८५) या चित्रपटाचे चित्रीकरण मिरांडा यांच्या लोटलीतील घरात झाले. पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या दिवसांतील एका गोमंतकीय कुटुंबाची ही कथा होय. त्या वास्तूला स्वतःचाच भूतकाळ त्या वेळी पुन्हा पाहावयास मिळाला, असे म्हणता येईल.

घराप्रमाणेच अन्न हाही त्यांच्या चित्रसृष्टीचा आधार आहे. पहाटे पाव घेऊन दारोदार जाणारा पोदेर, मासळीच्या पाट्यांभोवती घासाघीस करणाऱ्या बायका, फेणीचे पेले पुढ्यात घेऊन बसलेले तावेर्नातील (मद्यगृहातील) गिऱ्हाईक, फेस्त व लग्न यांतील पंक्ती ही दृश्ये त्यांच्या चित्रांत वारंवार आढळतात. यांतील पदार्थांचा इतिहास पाहिल्यास त्यांचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. पाव पोर्तुगीजांनी आणला, परंतु तो फुगविण्यासाठी गोव्याच्या भट्ट्यांत माडाची सूर वापरली जाई. व्हिनेगर व लसूण यांत मांस मुरविण्याच्या पोर्तुगीज पद्धतीला येथील मसाल्यांची जोड मिळून ‘विंदालू’ सिद्ध झाला. काजूचे झाड ब्राझीलमधून आले व त्याच्या बोंडांपासून येथे फेणी निघू लागली. मिरचीही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आली.

या देवघेवीला राजकीय सीमा रोखू शकली नाही. तेरेखोल नदीच्या उत्तरेस, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, पोर्तुगीज संस्कृतीची छाप घरांवर व धर्मावर फारशी दिसत नाही. तरीही मालवणी मसाल्यातील मिरची आणि वेंगुर्ले परिसरातील काजूच्या बागा त्याच समुद्रमार्गाची आठवण देतात. उलट नारळाच्या वाटणातील माशांची आमटी, आमसूल (कोकम) व तिरफळ या गोष्टी मालवणच्या हिंदू घरात आणि सासष्टीच्या ख्रिस्ती घरात सारख्याच आहेत. त्यामुळे मिरांडा यांचे मासळीबाजाराचे चित्र मालवणच्या वाचकास परके वाटत नाही. त्यातील क्रूस व झगे वेगळे असले, तरी पाटीतील बांगडे ओळखीचे असतात.

गोव्याच्या चित्रकलेत स्वत्वाचा हा शोध मिरांडा यांच्यापूर्वीच सुरू झाला होता. आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांनी पाश्चात्त्य तैलरंगपद्धतीत आपल्या कुटुंबियांची व्यक्तिचित्रे रंगविली. आंजेलु द फोन्सेका (१९०२–६७) यांनी मेरीला साडी नेसवून भारतीय स्त्रीच्या रूपात चितारले. गोव्यातील चर्चशी संबंधित वर्तुळांत ते रुचले नाही व त्यांनी पुण्यात वास्तव्य केले. मिरांडा यांनी हाच प्रश्न विनोदाच्या अंगाने हाताळला. ज्या गोष्टी गंभीर चित्रात वादग्रस्त ठरत, त्या त्यांच्या हास्यचित्रांत घरगुती व स्वाभाविक वाटू लागल्या.

त्यांची शैली प्रामुख्याने शाईच्या रेषेवर आधारलेली आहे. ठसठशीत बाह्यरेषा, बटबटीत डोळे व टोकदार नाके असलेले चेहरे आणि कोपरानकोपरा भरून टाकणारी गर्दी ही तिची वैशिष्ट्ये होत. गर्दीतील प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र उद्योग असतो. त्यामुळे चित्र एका दृष्टिक्षेपात संपत नाही, ते सावकाश ‘वाचावे’ लागते. मुंबईच्या नियतकालिकांसाठी त्यांनी निर्माण केलेली मिस निंबूपानी ही चित्रतारका, मिस फोन्सेका ही कार्यालयातील सचिव व बंडलदास हा पुढारी ही पात्रे लोकप्रिय झाली. कुलाब्यातील कॅफे माँडेगारच्या भिंतींवरील त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. गोवा विथ लव्ह हे त्यांचे चित्रपुस्तक असून मनोहर माळगावकर यांच्या इनसाइड गोवा (१९८२) या ग्रंथाची सजावटही त्यांनीच केली.

त्यांच्या कलेच्या मर्यादाही लक्षात घ्यावयास हव्यात. त्यांचा गोवा मुख्यतः सासष्टीच्या ख्रिस्ती वस्तीचा आहे. डोंगराळ भागातील गावडा, कुणबी किंवा खाणकामगार यांच्या जीवनाला त्यात तुलनेने कमी स्थान मिळाले. स्त्रियांच्या चित्रणात ठरीव साच्याचा अवलंब आढळतो. पर्यटनाच्या वाढीबरोबर त्यांची चित्रे पेले, फरश्या व भेटवस्तू यांवर छापली जाऊ लागली, आणि जे जीवन त्यांनी जिव्हाळ्याने टिपले ते अनेकांच्या लेखी केवळ शोभेचे चिन्ह ठरले. तथापि त्यांच्या दैनंदिन्या पाहता, ही दृश्ये पर्यटकांसाठी रचलेली नसून गावात राहणाऱ्या एका तरुणाने स्वतःसाठी टिपलेली होती, हे स्पष्ट होते. १९४९ ते १९५१ या तीन वर्षांच्या दैनंदिन्या पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या विखुरलेल्या चित्रांचे संकलन वास्तुविशारद जेरार्ड द कुन्या यांनी केले.

भारत सरकारने त्यांना पद्मश्री (१९८८), पद्मभूषण (२००२) व मरणोत्तर पद्मविभूषण (२०१२) हे किताब देऊन गौरविले. गोव्यातील जुनी घरे ओस पडत असताना आणि बाल्कांवावरील बैठका विरळ होत असताना त्यांच्या चित्रांना सामाजिक दस्तऐवजाचे मोल प्राप्त झाले आहे. एखाद्या समाजाची ओळख त्याच्या ध्वजात वा शासनात जितकी असते, तितकीच ती त्याच्या पडवीत आणि पानात वाढलेल्या अन्नात असते, याची साक्ष ही चित्रे देतात.